आळशी बुडबुडा

बाल्कनीतल्या कुंडीची माती कडेपासून सुटलेली दिसली, की मला पनवेलची ती मे महिन्यातली खिडकी आठवते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एसटी स्टँडमागच्या एका माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो. एका कारखान्याला कचऱ्याचा खड्डा चिकणमातीने झाकायचा होता. आतला वायू वर येता कामा नये. आम्ही माती लोखंडी नळकांड्यात ठोकून बसवायचो, खालून हवेचा दाब द्यायचो आणि वरच्या काचेच्या नळीत साबणाचा बुडबुडा सोडायचो. मातीतून हवा आली की बुडबुडा चढे. किती वेळात किती खुणा, ते मी लिहून घेई.

माती होती मिठागरात काम करणाऱ्या एका काकांच्या गावच्या तळ्यातली. तळं गाळाने भरलं होतं. माती पास झाली तर कारखाना ती उपसून नेणार आणि गावाला तळं परत मिळणार. म्हणून काका ओल्या गोणपाटात माती गुंडाळून एसटीने स्वतः आले, स्टुलावर बसले. अर्धा तास बुडबुडा हलला नाही.

"तुमचा बुडबुडा लय आळशी हाय, आमच्या जावयासारका," काका म्हणाले.

दुसऱ्यांदा मोजायचं म्हणून नमुना तसाच ठेवला, पण शनिवारी निघताना तो झाकायला मी विसरलो. खिडकी पश्चिमेची. सोमवारी दाब दिला, तर चार सेकंदांत बुडबुडा नळीबाहेर. मातीने कड सोडली होती, मधे केसाएवढी भेग.

"सुकलेला नमुना. आकडा खोडून टाक," आमचे साहेब म्हणाले.

चूक माझी होती, खोडणं सोयीचं होतं. पण खड्ड्यावरही ऊन पडणारच होतं. आकडा ठेवला आणि काका आले तेव्हा त्यांना खरं सांगितलं.

ते हसलेच. "उन्हात उघडी ठेवलीत? मिठागराचा तळ आमी पायांनी तुडवतो, पन सुकू देत नाय. सुकला का फुटला. वर कायतरी झाकन पायजे."

मग नवा नमुना ठोकला, त्यावर वीतभर साधी माती घातली आणि आठ दिवस त्याच खिडकीत ठेवला. नवव्या दिवशी काका हजर. मी दाब दिला, घड्याळ लावलं. अर्ध्या तासात दोन खुणा.

"चढला की ओ!" काका घाबरले.

"दोन खुणा चालतात, काका."

"मंग ठीक हाय. तेवढा तर जावई पन उठतो, जेवायला."

अहवालात तिन्ही आकडे गेले, आणि वर मातीचा थर हवाच ही अटही. पुढच्या उन्हाळ्यात तळं उपसलं गेलं.