धम्मपालदादांनी वाचलेला पेपर

मयूर विहारच्या एका शाळेत झेरॉक्स मशीनपाशी धम्मपालदादा बसत. मूळचे वर्ध्याचे, दिल्लीत पंचवीस वर्षं. बोलणं मोजकं, मदत मात्र न मागता. असा माणूस भेटायला नशीब लागतं बुवा! नीरजाचं ते जोरावर होतं.

पुण्याहून आलेल्या नीरजाची शिक्षिकेची नोकरी अजून कच्चीच होती. पक्की व्हायची तर तिचा आठवीचा विज्ञानाचा पेपर प्रिन्सिपल सरांना पटायला हवा. नियम असा, की प्रश्न विचारांच्या सहा पायऱ्यांवर बसवायचे: आठवा, समजून घ्या, वापरा, विश्लेषण करा, पारखा आणि शेवटी नवं काही घडवा. पेपर दोनदा परत आला. शेरा एकच, 'सगळं खालच्या पायरीवर.' मग बाईंनी काय करावं? 'सांगा' खोडून 'विश्लेषण करा' लिहिलं, 'लिहा' खोडून 'पारखा'. झालं! गाढवाला झूल घातली म्हणून ते घोडा होतं थोडंच?

सरांना पुन्हा दाखवायची प्रत काढायला दिली तेव्हा दादा घुटमळले. पेपर वाचायची त्यांना सक्त मनाई होती.

"मॅडम, रागावू नका. नदी का नासली याचं विश्लेषण विचारलंत, पण उत्तर तुमच्याच नोट्समध्ये आहे, चार मुद्द्यांत. मागच्या महिन्यात मीच प्रती काढल्या. पोरं घोकून येतील नि उतरवतील. म्हणजे ही पहिलीच पायरी झाली ना?"

नीरजा ओशाळली. "अरे यार! मग विचारू काय?"

"नोट्समध्ये नाही ते. यमुनेवर फेस कशानं येतो हे शोधायला पाणी कुठून कुठून घ्याल, आणि का?"

तिनं सगळा पेपर नव्यानं लिहिला. सरांनी तो वाचला आणि तिच्या फाईलवर सही केली. "बिल्कुल सही! किसने सिखाया?"

गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण फुकटचं श्रेय तिला पचेना. "धम्मपालदादांनी, सर. मीच त्यांना वाचायला लावला. चूक माझी," ती धडधडीत खोटं बोलली. दादांचं ऋण तिला दुसरं कसं फेडता येणार होतं?

सरांनी दादांना बोलावलं. रागावले नाहीत, उलट खुर्ची दिली. मग विचारलं, "कहाँ तक पढ़े हो?"

दादा उभेच राहिले. "दसवीं फेल, सर. दो बार. समझ तो सब आता था, रटना नहीं आया."