अर्जकाकांचा सर्वांत चांगला अर्ज

अर्जकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझे दिवस भरले होते. निदान त्यांच्या चेहऱ्यावरून तरी तसंच वाटलं. गल्लीतल्या नळाला आठ दिवस पाणी नव्हतं, म्हणून मी तक्रारीचा अर्ज लिहून पक्षाच्या शाखेत नेला होता. काकांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला, उठून खिडकी उघडली आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तशा आवाजात विचारलं, "घरून कोणी सोबत आलंय का?"

"नाही. का?"

"हा अर्ज शुद्धीत असताना लिहिलात?"

मग पाऊण तास माझ्या अर्जावर शस्त्रक्रिया झाली. 'कृपया' तीनदा आलं होतं, त्यातली दोन कापली गेली. "सारखं कृपया म्हटलं की साहेबाला कळतं, याच्यामागे कोणी नाही," काका म्हणाले. चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं. इतकं आलं की बादल्या, पिंपं आणि शेजारीण, सगळे ओसंडून वाहायला लागले.

काका एका शाळेतले निवृत्त कारकून. शाखेतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर, आधी शाळा सुटल्यावर आणि निवृत्तीनंतर दिवसभर, एकतीस वर्षं बसून त्यांनी अख्ख्या वॉर्डाचे अर्ज लिहिले होते आणि त्या जोरावर वॉर्ड त्यांच्या पक्षाकडे टिकून होता. पुढे युती झाली, वाटाघाटीत दोन निवडणुका वॉर्ड मित्रपक्षाला गेला आणि शाखेत पुढाऱ्यांच्या फोटोंपेक्षा पाली जास्त झाल्या. काका मात्र रोज नऊ वाजता हजर. घरीही तीच तऱ्हा. काकू सांगायच्या, "यांनी लिहिलेली किराण्याची यादी वाचून दुकानदार म्हणाला, वहिनी, साखर हवीय की न्याय?"

तिसऱ्या निवडणुकीच्या वर्षी वरून फर्मान आलं. युतीतल्या दोन्ही शाखांनी वॉर्डावरचा आपला दावा लेखी पाठवायचा, समन्वय समिती वाचून निर्णय देणार. या वेळीही वॉर्ड हातचा गेला, तर काकांची शाखा कायमची बंद. काकांनी पेनात नवी रिफिल घातली.

पण अर्ज त्यांना एकट्याला लिहू देतंय कोण! शाखाप्रमुखांना त्यात 'बलिदान' हवं होतं, महिला आघाडीच्या ताईंना 'रणरागिणी' हवी होती, आणि माजी नगरसेवकांनी मित्रपक्षाने केलेल्या दगाबाजीची साडेतीन पानं घरूनच आणली होती.

"अहो, मागायला जाताना भांडण बरोबर नेऊ नये," काकांनी सांगून पाहिलं.

"काका, राजकारण आमच्यावर सोडा. तुम्ही फक्त अक्षर चांगलं काढा," शाखाप्रमुख म्हणाले.

काकांनी अक्षर चांगलं काढलं. अर्ज चौदा पानांचा झाला आणि टपालात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या दारात मित्रपक्षाचा शाखाप्रमुख उभा. हा व्यायामशाळा चालवायचा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. वॉर्डाचं तिकीटही त्यालाच हवं होतं. हातात एक चुरगळलेला कागद.

"काका, जरा नजर टाकता?"

"अरे, मी तुझ्या विरोधातला माणूस!"

"असं कसं? आपण मित्रपक्ष."

"ते वर. इथे खाली नाही."

पण तोवर काकांची नजर पहिल्या ओळीवर पडली होती. 'सविनय धमकी देण्यात येते की.' काकांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.

"विनय करायचाय की धमकी द्यायचीय? एक काय ते ठरव."

"दोन्ही नाही जमणार?"

"अहो, चहा पाजा आणि वाटेला लावा त्याला," काकू आतून म्हणाल्या.

काकांनी चहा पाजला आणि वर दीड तास दिला. एकच पान झालं. नळ, गटार, शाळेसमोरचा खड्डा आणि त्यासाठी पैलवानाने खरोखर मारलेल्या खेपा. ना बलिदान, ना दगाबाजी. काकांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा पैलवानाने कागद हातात घेऊन स्वतः पुन्हा एकदा वाचला.

"काका, मी इतका चांगला माणूस आहे?"

"आता आहेस."

तो गेल्यावर काकूंनी कपाळाला हात लावला. "स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात!"

"अगं, वाईट अर्ज माझ्या हाताखालून तसाच कसा जाऊ द्यायचा?" काका म्हणाले.

महिन्याभराने निकाल आला. वॉर्ड मित्रपक्षाला. शिवाय दावा कसा लिहावा याचा नमुना म्हणून पैलवानाच्या अर्जाची एकेक प्रत समितीने सगळ्या शाखांना पाठवली होती. शाखाप्रमुखांनी ती काकांच्या टेबलावर आपटली. "बघा, काका! याला म्हणतात अर्ज. शिका जरा!"

काकांनी अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. मग पेन काढून एक 'नम्रपणे' खोडलं. "हे जास्तीचं होतं," ते म्हणाले.

निवडणुकीत पैलवान तिसरा आला. काकांच्या शाखेच्या जागेत आता चष्म्याचं दुकान आहे.