जाळं मी देणार नाही

माझंच जाळं माझ्या अंगावर फेकलं. पाय अडकला, मी तोंडावर पडले. लुगडं गुडघ्यावर गेलं. दोन गड्यांनी टोकं धरून मला ओढलं. पुऱ्या गावासमोर.

"मासोळी सापडली रे! बुढी मासोळी!"

लोक हसले. माझ्या ओळखीचे लोक.

मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचा दिवस होता. आमचं गाव अड्याळजवळचं. मंडईत दरवर्षी कबड्डीचे सामने होतात. गर्दी आत घुसू नये म्हणून मैदानाभोवती मासे धरायची जाळी बांधतात. ती आम्हा ढिवरांची. विचारत नाहीत, नेतात.

शेवटच्या चढाईला पंचानं आमच्या गावचा गडी बाद दिला. तो बादच होता. मी रेषेजवळच, जाळ्याबाहेर बसले होते. सरपंचाचा पुतण्या कप्तान. त्यानं खुर्ची उचलली, मग सगळ्यांनीच. मंडप पाडला. पंच बाहेरगावचा मास्तर. मार खात माझ्याकडे पळत आला. मी जाळ्याची खालची कड उचलून त्याला बाहेर काढलं आणि आडवी उभी राहिले.

"पाय बाहेर होता. मी पाह्यलं."

एवढंच बोलले. त्यावर कप्तानानं जाळं खांबावरून ओरबाडलं आणि माझ्यावर टाकलं.

घरी पोरगा म्हणाला, "चूप राह्य माय. त्यायच्यासंग रोजचं काम हाय."

मी चूप राहिले. वर्षभर. ओढलं त्याच्यापेक्षा हे चूप राहणं जास्त लागलं.

पुढच्या मंडईला तोच कप्तान दारात.

"आजी, जाळे दे वं. खांब गाडून राहिलो आमी."

मी ते फाटकं जाळं त्याच्या पायाशी टाकलं. वर सुई आणि दोरा.

"बस अंगणात. तूनं फाडलं, तूच शिव. मंग त्या मास्तरले बोलावून माफी माग. मंग भेटन जाळं."

"मजाक करतं का बुढे?"

"मजाक तुमी केला होता."

पोरगा मधे बोलायला लागला. "आता तू चूप राह्य," मी म्हणाले.

मग ढिवरांच्या घरोघरी गेले, जाळी देऊ नका म्हणून सांगितलं. बायांनी आपापली जाळी आत नेली. एकही बाहेर निघालं नाही. सामने झाले नाहीत.

गावात म्हणतात, बुढीनं सामने बंद पाडले. हो, पाडले. जाळं अंगणात टांगलं आहे, सुई खोचून. तो येऊन शिवेल तेव्हा खेळ होईल. पंचावर हात टाकणाऱ्याला माझ्या घरची दोरीसुद्धा मिळणार नाही.

त्या जाळ्याखाली ओढली गेली ती मी. चौथी शिकलेली ढिवरीन.