सरूमावशीची हाळी

शिरूर कासारच्या सरूबाईनं वीस वर्षं ऊस तोडला. आता ती बीडच्या एका दवाखान्यात, आयसीयूत मावशी आहे, म्हणजे डॉक्टरांवर मुकादमकी करते.

फुप्फुसं सुजलेल्या पेशंटला व्हेंटिलेटरवर असताना कधी कधी पालथं झोपवावं लागतं. मग फुप्फुसांच्या पाठीकडच्या भागात हवा खेळते. पालटायला पाच माणसं लागतात आणि तोंडातली नळी निसटली तर खेळ खलास. पूर्वी डॉक्टर "वन, टू, थ्री" म्हणायचे. निम्मे थ्रीला उचलायचे, निम्मे थ्रीनंतर! एक दिवस सरूबाई कडाडली, "मोळी अशी उचलत्यात व्हय?" तेव्हापासून पेशंटला चादरीत गुंडाळायचं तिनं आणि हाळीही तिनंच द्यायची, "उचला गं बयांनो, हां!" बयांमध्ये दोन दाढीवाले डॉक्टर असले तरी हाळी बदलत नाही.

नातेवाइकांचीही तीच शाळा घ्यायची. कुणी गयावया केली, "मशीनची हवा वाढवा की जरा," की ही म्हणायची, "दुखरं फुप्फुस हाय ते. भसाभसा कोंबली तर फाटंल. थोडी थोडीच द्यायची असती. गप बसा."

आणि यंदाच्या थंडीत तिचाच नवरा, शहादेव, न्यूमोनियानं त्या मशीनवर आला. हा गडी जन्माचा कुरकुऱ्या. फडात बायकोच्या डोक्यावर मोळी चढवताना वीस वर्षं एकच पालुपद: "सैल बांधलीस, सरू." आता तो गप पडला होता. छाती इवलीशी हलत होती. सरूबाईला लई भ्या वाटलं.

"मॅडम," ती डॉक्टर शाईस्तांना म्हणाली, "एवढ्याशा हवेवर माणूस कसा जगंल? जरा जास्त सोडा की."

"मावशी, भसाभसा कोंबली तर?"

"फाटंल," सरूबाई पुटपुटली आणि पदरात तोंड खुपसून रडली.

पालथं करायची वेळ आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा, घरचं माणूस आहे."

"मंग हाळी कोण देणार?"

मॅडम बाजूला सरकल्या. सरूबाईनं चादर गुंडाळली. हाळी देताना आवाज चिरकला, पण पाचही जणांनी एकदमच उचललं. नळी जागची हलली नाही. असं रोज, सहा दिवस.

दहाव्या दिवशी नळी निघाली. सरूबाई त्याच्या तोंडाशी वाकली. शहादेव घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गाल लई दुखतोय. पालथं कुणी टाकलं मला?"

"म्या."

"तरीच. सैल बांधलं असशील."

"अवो, मरता मरता वाचलात अन् अजून तीच कुरकुर!" सरूबाई एवढ्या जोरात ओरडली की सगळा वार्ड दचकला. मग त्याच्या अंगावरची चादर तिनं दोन्ही बाजूंनी गच्च खोचली, आणि डोळे पुसायचं मात्र विसरली.