हवावाल्याचा पहिला गोळा

त्या घरात तीन आठवडे सगळे चोरून जेवत होते.

चोरी कसली, तर आपल्याच घरातलं, आपल्याच कष्टाचं अन्न. पण खायचं ते मोरीचं दार लावून, नाहीतर जिन्यात उभं राहून. मुलगा सामान पोचवायच्या गाडीवर होता. तो गाडीतच पाव खाऊन यायचा आणि दारात शिरायच्या आधी तोंड असं पुसायचा, जसा काही विडी ओढून आलाय. सून कपड्यांच्या दुकानात होती, ती तिथेच डबा उरकायची. आणि त्या मुलाची आई उकडलेले दोन बटाटे घेऊन मोरीत जायची, नळ सोडायची आणि पालथ्या बादलीवर बसून खायची. नळ कशाला, तर चावल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आता बटाट्याचा कसला आलाय आवाज! पण मनच खायला उठलं की माणूस काय काय करतं.

कारण बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिचा नवरा बसलेला असे, आणि त्याला तोंडानं काही खायचं नव्हतं.

नवऱ्याचं कोपऱ्यावर टायरचं दुकान. पंक्चर काढायचं, हवा भरायची, चाक बदलून द्यायचं. चाळीस वर्षं तेच केलं, म्हणून सगळे त्याला हवावाला म्हणत आणि तिला हवावालीबाई. हवा मोजायचं यंत्र दुकानात होतं, पण ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. तो स्वतः अंगठ्यानं टायर दाबायचा आणि सांगायचा, "कमी आहे." मग यंत्र लावायचं, तर तेही तेच सांगायचं.

मग त्याच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, पण जाताना ती आवाज घेऊन गेली आणि गिळायची ताकदही घेऊन गेली. पोटाला भोक पाडून नळी बसवली. दिवसातून पाच वेळा डब्यातली पावडर कोमट पाण्यात कालवायची आणि त्या नळीतून हळूहळू सोडायची.

"तोंडानं काही द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले होते. "पाण्याचा थेंबसुद्धा नाही. घास चुकून छातीत उतरला तर आमच्याही हातात काही राहणार नाही."

"कधीपर्यंत, डॉक्टर?"

"बघू."

एवढा शिकलेला माणूस आणि एवढासा शब्द. तो शब्द घेऊन ती घरी आली, आणि तो कुठे ठेवायचा हे तिला कळेना.

तिला आयुष्यात एकच गोष्ट नीट येत होती, ती म्हणजे खायला घालणं. रडणाऱ्याला खायला द्यायचं, रुसलेल्याला खायला द्यायचं, भांडायला आलेल्यालाही आधी खायला द्यायचं आणि मग निवांत भांडायचं. आणि आता तिच्याच माणसाला भरवायचं म्हणजे कात्री, चिकटपट्टी आणि नळी. पावडरीला वास नाही, चव नाही. असली तरी पोटाला कुठे जीभ असते?

वासाचीच तिला सगळ्यात धास्ती होती. वास आला की तोंडाला पाणी सुटतं, आणि सुटलेलं पाणी त्याला गिळता येत नव्हतं. खांद्यावर टॉवेल टाकून तो सारखा तोंड टिपत बसे. म्हणून तिनं फोडणी बंद केली, कांदा बंद केला, चहासुद्धा बंद केला. चूल असून नसल्यासारखी. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं, आणि हवावाल्याला विचारलंही नव्हतं.

हे असंच चाललं असतं, पण वन्सं राहायला आल्या.

वन्सं म्हणजे हवावाल्याची थोरली बहीण. वय पंच्याहत्तर, दात सगळे शाबूत आणि कान दोन्ही गेलेले. यंत्र दिलंय कानाला, पण "त्यात नुसती खरखर ऐकू येते" म्हणून ते पर्समध्ये असतं. आल्या आल्या सुनेनं त्यांना बाजूला घेऊन, हातवारे करकरून घरातला नियम समजावला. वन्संनी मान डोलावली. डोळ्यांतलं पाणी पुसलं. म्हणाल्या, "कळलं गं. माझ्या भावासमोर मी घास घेणार नाही."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आपल्या सोबत आणलेल्या टोस्टचा पुडा घेऊन मोरीत गेल्या.

टोस्ट चांगले कडक भाजलेले. वन्संना स्वतःचं चावणं काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्या बिनघोर चावत होत्या. कर्रम. कर्रम. कर्रम. बाहेर सगळं घर थिजून उभं. मुलगा बूट घालता घालता थांबला. सून भिंतीकडे बघायला लागली. हवावालीबाई नळीतून पावडरीचं पाणी सोडत होती, तिचा हात तसाच वर राहिला. आणि आतून कर्रम, कर्रम. एक संपला की दुसरा.

"आत्या!" मुलगा दबक्या आवाजात ओरडला, जसं काही आत्याला ते ऐकू येणार होतं.

हवावाल्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग मोरीच्या दाराकडे. मग त्यानं पाटी मागितली.

ही पाटी दुकानातली. दुपारी दुकान बंद करताना तो ती दाराला लावायचा. तिच्या एका बाजूला त्यानं स्वतःच्या हातानं, पांढऱ्या ऑईलपेंटनं लिहून ठेवलं होतं: जेवायला गेलो आहे. येतो. दुसरी बाजू मोकळी, हिशोबाला. आवाज गेल्यावर मुलानं तीच घरी आणली. त्यामुळे व्हायचं असं, की तो खडूनं लिहीत असताना समोरच्यांना ती रंगवलेली बाजू दिसायची. जेवायला गेलो आहे. येतो. लिहून झालं, पाटी फिरवली की मग खरं काय म्हणायचंय ते कळायचं. हवावालीबाई त्या वेळी खिडकीबाहेर बघायची. पेंट टर्पेंटाईननं निघतो हे तिला माहीत होतं, पण तेवढंही तिच्याच्यानं होईना.

त्यानं पाटी फिरवली. लिहिलं होतं: सगळे मोरीत जेवता?

सुनेनं मान खाली घातली. त्यानं पुसून परत लिहिलं: मी मेलो का?

"अहो, असं काय बोलता!" ती म्हणाली, आणि मग रडूच आलं तिला. "तुमच्यासमोर कसं खायचं आम्ही? घशाखाली उतरतं का?"

त्यानं तिसऱ्यांदा लिहिलं. या वेळी जोर लावून, खडूचा तुकडा उडाला. रविवारी कोंबडी कर. गोळे घालून.

तेवढ्यात दार उघडून वन्सं बाहेर आल्या, हनुवटीला टोस्टचा चुरा. सगळ्यांचे चेहरे बघून म्हणाल्या, "का रे? कोण आलं होतं?"

कोंबडी आणि गोळे म्हणजे त्या घराची स्वतःची गोष्ट. लग्नाच्या पहिल्याच वर्षी एकदा कोंबडी एक आणि खाणारी तोंडं सात अशी वेळ आली होती. तिनं कोंबडी कांदा, गाजर, लसूण, मिरं घालून मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळली, आणि पुरवठ्याला म्हणून मैद्यात अंडं, लोणी, चिमूटभर सोडा घालून, सैलसर कालवून, चमच्याचमच्यानं गोळे त्या उकळत्या रश्श्यात सोडले. वर घट्ट झाकण. गोळे फुगून वर आले. पण आतून शिजले की नाही, हे तिला कळेना. नवी नवरी, विचारणार कुणाला? तेव्हा नवरा दुकानातून आला, त्यानं पहिला गोळा उचलून अंगठ्यानं दाबला आणि म्हणाला, "हवा कमी आहे. अजून दोन मिनिटं." आणि दोन मिनिटांनी परत दाबून, "आता बरोबर."

तेव्हापासून पहिला गोळा त्याचा. तो दाबणार, तो सांगणार, आणि तोच खाणार. आणि दर वेळी त्या पांढऱ्याशुभ्र गोळ्यावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा. टायरचा काळेपणा, साबणानं, राखेनं, कशानं जात नसे. अडतीस वर्षं ती त्याच्या नावानं खडे फोडत आली. "आधी हात धुवा! अन्न आहे ते, टायर नाही!" आणि तो ठशासकट गोळा तोंडात टाकून म्हणायचा, "माझाच तर आहे. तुला कशाला काळजी?"

रविवारी सकाळी तिनं कोंबडी पातेल्यात टाकली आणि तिला वाटलं, आपण कुणाचा तरी घात करतोय. तासाभरानं वास सुटला. तीन आठवडे भुकेलेल्या घरात तो असा पसरला की भिंतींनाही भूक लागावी. तिनं वाकून बाहेर पाहिलं. तो खिडकीपाशी डोळे मिटून बसला होता आणि टॉवेल तोंडाला होता. टिपायचा, परत टिपायचा. गॅस बंद करावा? तो चिडेल. चालू ठेवावा? मग हे असं बघायचं. ती नुसती डाव हातात धरून उभी राहिली.

मग वेड्यासारखं तिच्या डोक्यात आलं, म्हणून तिनं वाटीभर रस्सा फडक्यातून गाळला, परत गाळला, आणि मुलाला म्हणाली, "दवाखान्यात फोन कर. विचार, एवढं नळीतून चालेल का."

मुलानं विचारलं. फोन ठेवून म्हणाला, "नाही म्हणतात, आई. तुपकट असतं. नळी बंद पडेल."

"चार वेळा गाळते."

"आई."

"बरं," ती म्हणाली. वाटी ओट्यावर तशीच राहिली. थोड्या वेळानं तिच्यावर साय धरली.

टेबल मांडलं. तो स्वतःहून उठून आपल्या नेहमीच्या खुर्चीवर येऊन बसला, टॉवेल आणि पाटी घेऊन. समोर ताट ठेवावं की नाही? सुनेनं ठेवलं, मग उचललं, मग परत ठेवलं. शेवटी त्यानंच ते हातानं बाजूला सारलं. वन्संनी आज कानाला यंत्र लावलं होतं. टोस्टचा प्रकार त्यांना कुणीतरी लिहून कळवला होता, आणि तेव्हापासून त्या पाणीसुद्धा भीत भीत पीत होत्या.

हवावालीबाईनं पातेलं मधोमध आणून ठेवलं आणि झाकण काढलं. वाफ उठली. गोळे वर आले होते. शिजले का, हे तिला खरंच माहीत नव्हतं. अडतीस वर्षांत कधी स्वतः दाबून पाहिलेच नाहीत. त्यानं हात पुढे केला. तिनं पहिला गोळा बशीत काढून त्याच्यापुढे ठेवला.

त्यानं अंगठ्यानं दाबला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं डावीकडे उजवीकडे मान हलवली आणि दोन बोटं वर केली.

"दोन मिनिटं अजून म्हणतोय," वन्सं मोठ्यांदा म्हणाल्या, कुणाला कळलं नसेल म्हणून.

गोळा परत आत गेला, पातेलं परत गॅसवर, झाकण परत वर. दोन मिनिटं सगळे झाकणाकडे बघत बसले. परत काढून दिला. त्यानं दाबला, गोळा दबला आणि वर आला. त्यानं मान डोलावली. बरोबर.

आणि मग त्यानं तो उचलला.

बशीत ठेवायच्या ऐवजी तो तोंडापाशी नेला. ओठांना लावला. डोळे मिटले.

"बाबा," मुलगा म्हणाला. तो अर्धवट उठला, पण पुढे काय करायचं हे त्याला सुचेना. बापाच्या हातातला घास ओढून घ्यायचा? सून एका हातानं टेबलाची कड धरून बसली. आणि हवावालीबाईला हातही हलवता येईना. धरावा त्याचा हात, तर चाळीस वर्षं राबलेला माणूस एका गोळ्याला मोताद झाला, आणि बायकोनं तोही हिसकावला. न धरावा, तर... तिच्या तोंडातून फक्त "अहो" निघालं. तेही धड नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. त्याच्या ओठांच्या कडेनं पाणी गळत होतं, हनुवटीवरून शर्टावर. मग त्यानं तो गोळा खाली आणला. जपून, जणू अंडंच आहे. आणि तिच्या ताटात ठेवला. टॉवेल घेतला, तोंड पुसलं, आणि पाटी ओढून लिहायला लागला.

पाटीची रंगवलेली बाजू समोर आली. जेवायला गेलो आहे. येतो. आज ती खिडकीबाहेर बघू शकली नाही, कारण ती ताटाकडे बघत होती.

त्यानं पाटी फिरवली. खा. मी बघतो.

"मला नाही जाणार," ती म्हणाली.

त्यानं पाटीवर बोटानं ठोकलं. खा.

"अगं खा बाई," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "त्याला निदान बघू तरी दे."

तिनं गोळ्याकडे पाहिलं. मधोमध अंगठ्याचा खळगा होता. खळगा पांढरा. दवाखान्यातल्या साबणानं आणि घरातल्या तीन रिकाम्या आठवड्यांनी त्याचे हात साफ धुऊन टाकले होते. चाळीस वर्षांचा काळेपणा, जो तिच्या राखेला कधी बधला नाही, तो गेला होता. कुठे बारीकशी रेघ तरी असेल म्हणून तिनं ताट उजेडाकडे वळवून पाहिलं. नव्हती. स्वच्छ, तिनं आयुष्यभर भांडून मागितला होता तसा.

तिनं तो तोंडात घातला. तो तिच्या गळ्याकडे बघत होता, टायरची हवा बघावी तसा, एकटक. तिनं चावला. मीठ कमी होतं, हे तिला कळलं, आणि सांगायचं कुणाला ते कळेना. गिळताना घास अडला. त्याची मान नकळत पुढे झाली. मग घास खाली उतरला, आणि त्यानं श्वास सोडला.

मग त्यानं पातेल्याकडे बोट केलं. दुसरा.