एका दमात

माझी आत्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते आणि माईकवरून गाड्या पुकारते. आवाज असा, की बाकावर पेंगणारा माणूस खडबडून जागा होईल, पण चिडणार नाही. अडचण एकच होती, दमा. लांब पल्ल्याच्या गाडीला अकरा थांबे. पाचव्यापाशी आत्याचा श्वास संपायचा, मग माईकवर नुसती घरघर, आणि मग सहावा थांबा. ड्रायव्हर मंडळींनी तिचं नाव ‘स्वल्पविराम’ पाडलं होतं. आत्या हसायची आणि हसता हसता खोकायची.

एकदा खोकल्याची अशी उबळ आली की सहावा थांबा पुकारायचा राहूनच गेला. त्या गावचं एक कुटुंब सामानासकट बाकावर बसून राहिलं आणि गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. आत्याने त्यांची माफी मागितली, पुढच्या गाडीत त्यांना जागा मिळवून दिली. पण घरी आली ती तोंड पाडून.

"मी आता रेकॉर्डच्या खोलीत बदली मागते," ती म्हणाली. "फायलींना काही ऐकू यायला नको."

माझी आई म्हणजे तिची वहिनी. दोघींची माया भांडणातूनच दिसते. आई म्हणाली, "वन्सं, बदली मागून मागा. आधी दवाखान्यात चला."

मोठ्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांनी दम्याच्या औषधांची एक चाचणी सुरू केली होती. पंप घेऊनही ज्यांचा दमा आटोक्यात येत नाही अशा मोठ्या माणसांसाठी. काहींना दोन औषधं एकत्र असलेला पंप, काहींना तीन औषधांचा. दिसायला दोन्ही सारखेच. कुणाला कुठला, ते कॉम्प्युटर ठरवणार.

"म्हणजे मला कुठला मिळालाय ते तुम्हालाही कळणार नाही?" आत्याने विचारलं.

"सहा महिने नाही," डॉक्टर म्हणाले.

"बरं झालं. अडाणी मी एकटीच नाही म्हणायची."

माहितीची सोळा पानं आईने घरी मोठ्याने वाचून दाखवली. ‘मनात आलं तर केव्हाही बाहेर पडता येईल’ हे वाक्य दोनदा वाचलं. तिसऱ्या दिवशी आत्याने सही केली.

चाचणीचं काम बघणाऱ्या सिस्टर ठेंगण्या आणि कडक होत्या. म्हणाल्या, "आतापर्यंत पंप कसा घेत होतात? दाखवा बघू."

आत्याने तोंड उघडलं, अत्तर मारावं तसा जिभेवर फवारा मारला आणि तोंड मिटून घेतलं.

"रोज?"

"छे! रोज कशाला? दम लागला की."

"किती वर्षं?"

"झाली असतील सहा."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "बाई, सहा वर्षं तुम्ही जिभेचा दमा बरा करताय!"

मग त्यांनी धडा गिरवून घेतला. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, सावकाश आत ओढता ओढता दाबायचा, मनात दहापर्यंत मोजायचं, शेवटी चूळ भरायची. आत्या सातपर्यंत पोचायची आणि हसू फुटायचं. सिस्टर सोडेनात. नवव्यांदा जमलं.

सकाळ-संध्याकाळ पंप, आणि सकाळी उठल्यावर एका नळीत जोरात फुंकून काटा कुठवर जातो ते वहीत लिहायचं, असा नेम सुरू झाला. पहिला आकडा एकशे नव्वद. बाबांना नळी फुंकून बघायची भारी हौस. आत्या हात लावू देईना. सातव्या आठवड्यात काटा तीनशेवर गेला तेव्हा आत्या वही नाचवत स्वयंपाकघरात आली आणि आईने पोळी तव्यावर तशीच करपू दिली.

त्याच आठवड्यात तिने लांब पल्ल्याची गाडी पुकारली. पाचवा थांबा, सहावा, आठवा, अकरावा, कुठेही न अडखळता. मग एका ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, पाठोपाठ सगळ्यांनी. नियंत्रक साहेब काय अपघात झाला म्हणून धावत बाहेर आले.

चाचणी संपली. काही दिवसांनी डॉक्टरांनी कुणाला कुठला पंप ते लिहिलेलं पाकीट उघडलं. आत्याला मिळालेला पंप दोन औषधांचा होता. म्हणजे औषध तेच, जे ती सहा वर्षं जिभेवर मारत होती.

"तेच?" आत्या म्हणाली. आणि अशी हसली की बाहेरच्या रांगेतले लोक डोकावून बघायला लागले. खोकला मात्र आला नाही. मग एकदम गंभीर झाली. "म्हणजे मी तुमच्या काहीच उपयोगाची नाही का हो?"

"असं कसं? नव्याची तुलना जुन्याशी करायची, तर जुनं नीट घेणारी माणसं लागतातच. तुमच्यासारखं वेळेवर कुणी घेतलं नसेल. हिशोब अजून चालू आहे. काही जणांना तिसऱ्या औषधाने फरक पडेलही. तुमचं यावर भागतंय, तर हाच चालू ठेवा. बरं वाटतंय म्हणून सोडू मात्र नका."

आत्याने सोडला नाही. आता एक्कावन्नाव्या वर्षी ती तलावावर पोहायला शिकते आहे. सरळ जायला अजून जमत नाही. तिरकी जाऊन शेजारच्यांना धडकते आणि पाण्यातूनच त्यांची चौकशी करत बसते. आई काठावर टॉवेल घेऊन बसते, तिला हसते, आणि पुढच्या महिन्यात आपणही उतरणार असं सगळ्यांना सांगते.