कणकेचा डबा घेऊन बर्डीला

मी आणि बायकोनं सोबत केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे भिजवलेल्या कणकेचा स्टीलचा डबा घेऊन सिटी बसनं बर्डीला, नागपूरच्या मोठ्या बाजारात, जाणं. पोळ्या करायची मशीन घ्यायची होती. डबा माझ्या मांडीवर होता आणि ती दर स्टॉपला विचारत होती, "झाकण घट्ट आहे ना?"

तिसऱ्यांदा मी म्हटलं, "कणीक आहे वं, साप नाही."

बसमधले लोक हसले. ती नाही हसली.

मशीन कशाला, तर जन्मभर पोळ्या लाटून तिचं उजवं मनगट गेलं होतं. डॉक्टरनं सांगितलं, आता बेलणं हातात धरायचं नाही. हे तिनं फोनवर पुण्याच्या मुलाला सांगून टाकलं. तो लगेच म्हणाला, "मग तुम्ही दोघं इकडेच या. तिथलं घर भाड्यानं देऊ." मुलगा चांगला आहे. पण त्याचं घर सातव्या माळ्यावर. मी सावनेरकडच्या खदानीत जमिनीखाली पंप चालवत म्हातारा झालो, आणि आता वर नेऊन लटकवायचं म्हणतो.

तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "दोन टाइमची पोळी आपल्या घरात झाली, तं कोणाच्या दारी जायचं काम नाही."

भात मला साखरेमुळे बंद. बाहेरून पोळ्या आणून पाहिल्या, त्या दुपारपर्यंत चपलेच्या तळासारख्या व्हायच्या. म्हणजे गोष्ट सरळ होती. मशीन जमली तर नागपूर, नाही जमली तर पुणे. आणि बजेट दोन हजार. पेन्शनमधून तेवढेच निघाले. ते तिच्या बटव्यात होते, म्हणजे माझ्यापासून सुरक्षित होते.

कणीक सोबत नेण्याचं म्हणाल तर ती दुकानदाराच्या शब्दावर काहीच घेत नसे. मिक्सर घेताना भिजवलेली डाळ घेऊन गेली होती. मी तिला पाहायला गेलो होतो तेव्हासुद्धा तिनं आतून निरोप पाठवला, पोराले विहिरीचं पाणी काढायले सांगा. मी मान राखायला म्हणून दोन बादल्या काढल्या. लग्नानंतर कळलं, तिला फक्त मला दम लागतो का ते पाहायचं होतं.

पहिल्या दुकानातला माणूस म्हणाला, "काकू, पोळीचं सोडा. ही ब्रेडची मशीन पाहा. पीठ टाका, पाणी टाका, झोपून जा. तीन घंट्यात ब्रेड तयार."

"तीन घंटे?"

"पण सगळं आपोआप ना, काकू."

"तीन घंट्यात तं मी ह्या मोडक्या हातानं पुऱ्या गल्लीच्या पोळ्या करीन. अन् ब्रेड खायले आम्ही काय बिमार आहो?" मग तिनं किंमत विचारली. तेवढ्यात आमच्या चार मशिनी आल्या असत्या. ती म्हणाली, "एवढ्यात ते तोंडात भरवते पण का?"

दुसऱ्या दुकानात पोळीची मशीन होती. दोन गरम तवे, एकावर एक, मागे कब्जा, म्हणजे बिजागरी, पुढे दांडी आणि तवे तापल्याचा लाइट. मधात कणकेचा उंडा ठेवायचा आणि दाबायचं. तिनं उंडा केला आणि मला म्हणाली, "दाबा तुम्ही."

"मशीन तुले पायजे. मी काहून दाबू?"

"माझं मनगट दुखते ना. दाबा."

मी खदानीतला पंप दाबल्यासारखं दाबलं. उंडा समोरून सटकला आणि शेजारच्या नव्या इस्त्रीवर जाऊन चिकटला. दुकानदाराचं तोंड पडलं. तिनं शांतपणे दांडीला हात लावून पाहिला. "ही दांडी बारीक आहे. अन् लाइटही बारीक आहे. लागला का नाही ते समजत नाही."

मी म्हटलं, "तू सुईत धागा ओवते वं. एवढा लाइट तुले दिसत नाही?"

"मले दिसते," ती म्हणाली. "पण बारीक आहे."

बाई नखरे करून राहिली, असं मला वाटलं. ऊन चढलं होतं, भूक लागली होती. तिसऱ्या दुकानाच्या दारात गार्डनं अडवलं. "काकू, खायचं सामान आत न्यायचं नाही."

"खायचं नोहय. कच्चं आहे."

गार्डनं डबा उघडून पाहिला, वाससुद्धा घेतला, आणि आत सोडलं.

इथला सेल्समन टकलू आणि धीराचा होता. त्यानं सांगितलं, उंडा मधात नाही ठेवायचा, थोडा मागं, कब्ज्याकडे ठेवायचा, मग दाबला की मधात येतो. आणि हलकं दाबायचं. मशीनची दांडी लाकडी होती, चांगली जाड. लाइट बोराएवढा. तिनं मला एकदा दाबायला लावलं, दोनदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. मी चिडलो. "आता काय दुकान चालवायचं का आपल्याले?" आणि पाणी प्यायला गेलो. आलो तेव्हा ती आणि टकलू गुपचूप काहीतरी बोलत होते. भाव चालला असेल, असं धरलं.

टकलू साडेबावीसशेहून एकवीसशेवर आला. ती उठली. पहिल्या खेपेत तिनं आयुष्यात काही घेतलं नाही.

"काकू, उद्या भाव वाढन."

"वाढू दे. उद्या पाहू."

दाराजवळ पोहोचायच्या आत त्यानं हाक मारली. दुकानदार तिला नेहमीच अशी हाक मारतात. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मी केलेली तिसरी पोळी तिनं कागदात बांधून घेतली होती. चौकातल्या ठेल्यावर आम्ही तर्रीवाले पोहे घेतले, आणि तिनं ती पोळी तर्रीत बुडवून खाल्ली. बराच वेळ चावत होती. मी विचारलं, "कशी आहे?"

"कडक आहे," ती म्हणाली. "पण पोट भरन."

घरी येऊन तिनं उरलेल्या कणकेचा डबा फ्रिजमध्ये ठेवला. त्या रात्री झोपली ती सकाळी उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट. मी म्हटलं, दुखत तर मनगट होतं.

तेरवी झाली. कणीक कोणीतरी गायीला घातली, डबा घासून पालथा ठेवला. मुलगा म्हणाला, "बाबा, आता इथं एकटे काय खाणार? चला." मी म्हटलं, आठ दिवस दे. त्यानं दिले, पण जाता जाता नवव्या दिवसाचं पुण्याचं तिकीट काढून दिलं.

त्या आठ दिवसांत मी दुधात टोस्ट बुडवून खाल्ले. बिमार माणसाचं खाणं. सातव्या दिवशी तोच डबा काढला, जन्मात पहिल्यांदा कणीक भिजवली, आणि बर्डीची बस धरली. झाकण घट्ट नव्हतं. उतरेपर्यंत पँटवर सगळा चिकट नकाशा.

गार्डनं ओळखलं. "काकू नाही आल्या?"

"वारली."

त्यानं डबा न उघडता दार उघडलं.

टकलूनं मात्र उघडला. "काकाजी, ही कणीक आहे का भज्याचं पीठ?"

"दिसत नाही का? कणीक आहे."

"ह्याची पोळी नाही होत. ह्याची टेस्ट कशी घ्याची?" मग त्यानं विचारलं, काकू कुठं आहे, आणि मी सांगितलं. त्यानं डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाला, "टेस्ट तं काकूनं त्या दिवशी केलीच ना. तुमच्या बोटांसाठी जाड दांडीचीच पायजे म्हणे."

खदानीतल्या पंपात चेपली तेव्हापासून माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. मी म्हटलं, "माझ्या बोटांसाठी? मशीन तिच्यासाठी होती."

"नाही जी. तुम्ही पाण्याले गेलते तेव्हा म्हणाल्या, मले नाही लागत, मी आहे तोवर कसंही करीन. मांगून म्हाताऱ्याले एकट्याले जमली पायजे. लाइट मोठा आहे का विचारलं, त्याले बारीक दिसत नाही म्हणे. अन् इंग्रजीत काही वाचावं तं लागत नाही ना, हेही विचारलं."

मी टीव्हीच्या खोक्यावर बसलो. मग मला राग आला. तिचा. तीन दुकानं हिंडवलं, दाबा दाबा म्हणून पिदडलं, आणि सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर मी नीट शिकलो नसतो का? नसतो शिकलो. भांडलो असतो. तेही तिला माहीत होतं.

पण भाव तर करायला पाहिजे. मी म्हटलं, "दोन हजार."

"एकवीसशे, काकाजी. त्याच्या खाली नाही होत."

मी तिच्यासारखा उठलो. चालत दारापर्यंत आलो. हाक नाही. दाराबाहेर आलो. हाक नाही. फुटपाथवर उभा राहून मी चपलेचा पट्टा नीट केला, जो चांगलाच होता. गार्ड म्हणाला, "जा काका, परत जा. ते नाही बोलवत."

एकवीसशे दिले आणि खोकं काखेत घेऊन घरी आलो. वरचे शंभर गेले, ते तिला कधीच पटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचलाच उठलो. कणीक भिजवली, कोरडं पीठ घालत घालत चौघांना पुरेल एवढी झाली. टकलूनं सांगितल्याप्रमाणे अर्धा घंटा झाकून ठेवली आणि शेजारी बसून राहिलो. लाइट लागला. बोराएवढा, लाल, चष्म्याशिवाय दिसला. पहिला उंडा मधात ठेवला, तो सटकून कॅलेंडरवर गेला. दुसरा पापड झाला. तिसरा मागं ठेवला, कब्ज्याकडे, आणि हलकं दाबलं. पोळी झाली. गोल नाही म्हणता येणार, पण पोळीच. लोणच्यासोबत खाल्ली. कडक होती.

चौथी मशीनमध्ये टाकून मी मुलाला फोन लावला. "तिकीट रद्द कर."

"बाबा, काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"पोळी खाऊन राहिलो."

"कोणी केली?"

"मी केली. रद्द कर म्हटलं ना."

"अहो, उद्याचंच आहे. आता अर्धे पैसे कापतील."

"कापू दे," मी म्हटलं.

तो बराच वेळ समजावत होता. फोन ठेवला तेव्हा चौथी पोळी एका बाजूनं पार काळी झाली होती. ती बाजू खरवडून मी तीही खाल्ली, आणि डबा घासून पालथा घातला.